घासातली अळी

फेब्रुवारी संपत आला की आमच्या गोठ्यामागच्या बरसीमवर पहाटे इतकं दव असतं की चार पावलं टाकली तरी साडीचे काठ घोट्यापर्यंत भिजतात. विळ्याचं पातं पहिल्याच मुठीला ओलं होतं. हा घास दवाचा तसाच गायीपुढं टाकायचा नाही, पोट फुगतं. कापायचा, अंगणात पसरून ऊन खाऊ द्यायचा, मग कडब्याच्या कुट्टीत मिसळून गव्हाणीत. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षी सासूबाईंनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. सासूबाईंना आम्ही सगळ्याच आत्याबाई म्हणतो. शाळेत मुलांना शिकवायला जाण्याआधी रोज तासभर मी त्यांच्या हाताखाली शिकते, आणि गेल्या एकोणीस वर्षांत त्या शिकवणीला एकही सुट्टी नाही.

परवा अशीच मूठ धरली आणि बोटांना काहीतरी गार, मऊ लागलं. मूठ उघडली. हिरव्या देठांत तसलीच हिरवी अळी, दीडेक इंच लांब, दोन्ही कुशींना फिकट पट्टा. हात लागल्याबरोबर तिनं अंगाचं कडं केलं आणि खाली पडली. शेजारचं एक फूल उकलून बघितलं. बरसीमचं फूल म्हणजे शंभराच्या आसपास चिमुकल्या पांढरट फुलांचा गुच्छ, बोटाच्या पेराएवढा. त्या गुच्छात एक अळी अर्धी आत, अर्धी बाहेर. आतलं अर्धं अंग जेवतंय आणि बाहेरचं दवात भिजतंय, असं. पलीकडच्या वाफ्यात आणखी वेगळाच प्रकार. तिथं पानांची जाळी झाली होती. पान उलटं केलं तर खालच्या अंगाला शेवईच्या तुकड्याएवढ्या बारीक अळ्यांचा घोळका, सगळ्या एका रांगेत हिरवा गर खरवडत पुढं सरकतायत. वरचा पापुद्रा तसाच, कागदासारखा.

मी हाक मारली, "आत्याबाई, अळी पडलीय."

"पडायचीच," त्या गोठ्यातूनच म्हणाल्या. "दोन दिस ढग होतं न्हवं."

अळी पडली. हा शब्द मी एकोणीस वर्षं ऐकतेय आणि स्वतःही वापरतेय. आपल्याकडं पाऊस पडतो, दव पडतं, थंडी पडते, पिकावर रोग पडतो, आणि अळीही पडते. जणू काल नव्हती आणि रात्री आभाळातून आली. खरं तर ती पडलेली नसते, घातलेली असते. आठ-पंधरा दिवसांपूर्वी कधीतरी अंधारात एक मळकट तपकिरी पतंग या वाफ्यावरून उडालेला असतो. घोळक्यानं राहणाऱ्या अळीची आई पानाखाली एका जागी दोन-तीनशे अंडी घालते आणि त्यांवर आपल्याच अंगाची पिंगट लव पसरून पांघरूण घालते. फुलात शिरणाऱ्या अळीची आई मात्र एकेक अंडं वेगवेगळ्या शेंड्यावर ठेवते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. पहिला आठवडा अळी इतकी लहान असते की वाफ्यातून दहादा गेलं तरी दिसत नाही. ती दिसायला लागते तेव्हा तिची निम्मी-अधिक जिंदगी झालेली असते, आणि आपण म्हणतो, आज पडली. या एका क्रियापदानं आपल्याला पंधरा दिवसांच्या न बघण्यातून सोडवलंय.

नावांचीही गंमत आहे. फुलात अर्धी शिरलेली ही अळी हरभऱ्यावर असते तेव्हा घाटे अळी. तुरीवर गेली की शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोवर फळ पोखरणारी, कपाशीवर अमेरिकन बोंडअळी. जात एकच, हेलिकोव्हर्पा. जे पीक खाईल त्याचं नाव लावते, आपल्याकडच्या लेकी सासरचं आडनाव लावतात तशी. दुसरी ती घोळक्यानं जाळी करणारी, तिला तंबाखूवरची अळी म्हणतात, सोयाबीनवाले पानं खाणारी म्हणतात, आणि अलीकडं मोबाईलवर सल्ले वाचणारी पोरं सरळ स्पोडोप्टेरा म्हणतात. पण या दोघी बरसीमवर किंवा लसूणघासावर आल्या की त्यांना नावच उरत नाही. नुसती 'घासावरची अळी'. ज्या पिकाला बाजारात भाव त्याच्या शत्रूला नाव, हा हिशेब मला फार उशिरा कळला. घास विकला जात नाही, तो गायीच्या पोटातून विकला जातो. म्हणून त्याच्यावर काय पडलंय याची चर्चा पारावर कधी होत नाही.

आणि घास हा शब्द तरी बघा. आमच्या नगरकडच्या बोलीत लसूणघासाला नुसतं 'घास' म्हणतात. घास कापायला गेले, घासाला पाणी दिलं. तोंडात जातो तोही घासच. पंगतीत नाव घेऊन भरवतात तो, आणि गोमातेसाठी पानाबाहेर काढून ठेवतात तोही. बरसीम हा या घराण्यात बाहेरून आलेला. लसूणघासासारखीच तीन-तीन पानं, पण देठ अधिक कोवळे, पोकळ, रसाळ, आणि फूल जांभळ्याऐवजी पांढरं. लसूणघास एकदा लावला की तीन-चार वर्षं चालतो. बरसीम थंडीचा पाहुणा, ऊन तापलं की मुळापासून बसतो. उत्तर हिंदुस्थानात, पंजाब-हरियाणात, हिवाळ्यातल्या दुधाचा सगळा भार याच्यावर. आमच्याकडं प्रवरेच्या पाण्यावर कुठंकुठं दहा-वीस गुंठे दिसतो, एवढंच.

आमच्या बरसीमवर या वर्षी अळी दिसली याला कारण आम्हीच. एरवी ती फारशी दिसत नाही, आणि ते का दिसत नाही हे मला परवा त्या वाफ्यात उभी असताना पहिल्यांदा नीट सुचलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेला बरसीम डिसेंबर संपता संपता पहिल्या कापणीला येतो. त्यानंतर पंचवीस-तीस दिवसांनी पुन्हा, मग पुन्हा. रोज एक तुकडा कापायचा. शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेस्तोवर पहिला वाफा परत गुडघ्याशी आलेला. आता अळीचं वेळापत्रक यावर ठेवून बघा. अंडं तीन-चार दिवस, अळी दोन-तीन आठवडे, मातीत कोष आठ-दहा दिवस. म्हणजे पतंगापासून पतंगापर्यंत साधारण महिना. घासाचा महिना आणि अळीचा महिना एकमेकांशेजारून चालतात, आणि मध्ये विळा येतो. पानाखालची अंडी, जाळी करणारी पिल्लं, सगळी भाऱ्यात बांधली जाऊन कुट्टीत जातात. अळीला मोठं व्हायला सलग दिवसच मिळत नाहीत. कापलं जाणं हेच या पिकाचं संरक्षण. आत्याबाईंनी हे कधी मांडून सांगितलं नाही, त्या फक्त म्हणत आल्या, "घास राखू नको, कापत राह्य."

या वर्षी आम्ही राखला. झालं असं की गेल्या वर्षी आणलेल्या बियाण्यात कासनी निघाली. कासनी म्हणजे बरसीमसोबत येणारं तण. बी दिसायला तसंच बारीक, पण हलकं. मिठाच्या पाण्यात टाकलं तर कासनी तरंगते आणि बरसीम बुडतो. ते करायचं आम्ही घाईत विसरलो आणि निम्मा वाफा कासनीचा झाला. तेव्हा मीच म्हणाले, घरचंच बी धरू. शेजारचे तात्या हसले. आमच्याकडं मार्चमध्येच ऊन चढतं, बरसीमचं बी नीट भरत नाही, पंजाबवाल्याचं काम ते, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं बरोबर होतं, पण मला हौस. दुसऱ्या कापणीनंतर चार वाफे बियासाठी सोडले. विळा थांबला. फुलं आली, त्यांवर फुलोरी माश्या आल्या, दुपारी वाफ्याजवळ उभं राहिलं की बारीक गुणगुण ऐकू यायची. मला फार भारी वाटत होतं. तेवढ्यात बांधापलीकडचा तात्यांचा हरभरा वाळून काढणीला आला. आता आजूबाजूला हिरवं, फुलावर असलेलं, कुणी न कापणारं असं काय उरलं? आमचे चार वाफे. पंजाबात बरसीमचं बी धरणाऱ्यांना हरभऱ्याच्या आणि टोमॅटोच्या शेजारी ते धरू नका असं सांगतात, हे मी नंतर वाचलं. तात्यांनी वाचलं नव्हतं, पण हसले होते.

या पिकाचं मूळ गाव इजिप्त. बरसीम हा शब्दही अरबी, तो आपण पिकासोबत जसाच्या तसा उचलला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते तिथून सिंधमध्ये आलं आणि कालव्यांच्या पाण्याबरोबर पंजाबभर पसरलं. नाईलच्या काठी मात्र ते शतकानुशतकं पिकतंय, आणि तिथल्या शेतकऱ्याला बरसीमवरची अळी ही कधीच 'नुसती घासावरची' वाटली नाही. कारण तिथं बरसीमच्या शेजारी किंवा मागोमाग येते कपाशी, ज्यावर अख्ख्या देशाची पत उभी होती. आपल्या तंबाखूवरच्या अळीची तिथली सख्खी बहीण हिवाळाभर बरसीमवर गुजराण करते, तिथंच मातीत कोषात जाते आणि मे महिन्यात पतंग होऊन कपाशीवर उतरते. यावर इजिप्तच्या सरकारनं एक कायदा केला, जो मला कुठल्याही औषधापेक्षा हुशार वाटतो: 10 मेनंतर बरसीमला पाणी द्यायचं नाही. पाणी तुटलं की काळी माती वाळून दगडासारखी होते, आणि आतल्या कोषांतले पतंग बाहेर येऊ शकत नाहीत. घासाचं एखादं पाणी सोडलं की कपाशी वाचते. शेजारच्या पिकासाठी आपल्या पिकाचं पाणी तोडायला सांगणारा कायदा! आमच्या पाटावर असं कुणी सांगून बघावं.

पण त्याच इजिप्तमध्ये या अळीनं दुसरंही दाखवलं. कपाशीच्या पानांखालचे अंड्यांचे पुंजके हातानं वेचायला तिथं पिढ्यान्‌पिढ्या लहान पोरांना लावत. त्यांची उंची झाडाएवढी, पान उलटायला वाकावं लागत नाही. 2001 साली ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं यावर अहवाल काढला तेव्हा दहा लाखांहून जास्त मुलं दर वर्षी या कामावर जातात असं त्यात नोंदलं होतं, बहुतेक सात ते बारा वर्षांची. माझ्या शाळेतली दुसरी ते सहावी. आणि अळी मारायला जी औषधं आली त्यांतलं एक लेप्टोफॉस. 1971 साली ते कपाशीवर फवारलं गेलं आणि त्या भागातल्या हजाराहून जास्त म्हशींना त्याची बाधा झाली. मागचे पाय लुळे पडत, जनावर बसे ते उठत नसे. अळीसाठी मारलेलं म्हशीला लागलं. हे वाचलं त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन आमच्या गंगी गायीच्या मागच्या पायांवरून उगाच हात फिरवला होता.

उगाच म्हणते, पण अगदी उगाच नव्हे. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. धाकट्या भाऊजींनी संध्याकाळी हरभऱ्यावर पंप मारला. बांधालगतचा घासाचा एक वाफा वाऱ्याखाली होता, आणि तिथंही दोन-चार अळ्या दिसल्या म्हणून त्यांनी जाता जाता त्यावरही दोन हात फिरवले. पंपात उरलं होतं, वाया का घालवा. मग ते रात्रीच्या लाईटीवर पाणी धरायला दुसऱ्या रानात गेले. पहाटे आत्याबाई विळा घेऊन निघाल्या आणि नेमका तोच वाफा कापणीला आलेला. त्यांनी दोन भारे आणले, ऊन दाखवलं, कुट्टीत घातले. दहा वाजता गंगी लाळ गाळायला लागली, अंग थरथरतंय, डोळ्यांतून पाणी. डॉक्टर आले, त्यांनी बाहुल्या बघितल्या आणि पहिला प्रश्न विचारला: "वैरणीवर काय मारलं होतं?" आम्ही सगळे एकमेकांकडं बघत राहिलो. ज्यानं मारलं तो झोपला होता आणि जिनं कापलं तिला माहीत नव्हतं. दोन-तीन इंजेक्शनं झाली, रात्रभर कुणी ना कुणी तिच्याजवळ बसलं. गंगी वाचली. आठ दिवस तिचं दूध काढून उकिरड्यात ओतलं. वासरू दावणीला हंबरायचं, त्याला शेजारणीच्या गायीचं आणून पाजलं.

त्या डब्यावर अतिविषारीचा लाल त्रिकोण होता. दुकानदारानं देताना "हरभऱ्याला जोरदार" एवढंच सांगितलं होतं, आणि त्याचंही चुकलं म्हणता येत नाही. त्याला विचारलं होतं ते हरभऱ्याचंच. आपण त्याला औषध म्हणतो हा आणखी एक शब्दाचा घोळ. औषध आजाऱ्याला देतात. इथं देतो आपण पिकाला, आणि मरावं अशी इच्छा दुसऱ्याबद्दल असते. बाकी पिकांत तरी फवारणी आणि तोंड यांच्यात काही दिवस जातात, फळ धुतलं जातं, दाणा सोलला जातो. घासाला साल नाही, टरफल नाही, धुणं नाही. पान आणि गायीची जीभ यांच्यामध्ये फक्त एक सकाळ असते.

आणि गाय तरी कुठं शेवट आहे? 1990च्या दशकात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं बारा राज्यांतल्या दोन हजारांहून अधिक दुधाच्या नमुन्यांची तपासणी केली होती. बहुतेक नमुन्यांत डीडीटीचे अंश सापडले. डीडीटी पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. जनावराच्या अंगात साठतं आणि दुधाच्या स्निग्धांशातून बाहेर येतं. संकलन केंद्रावर रोज सकाळी आमच्या किटलीतलं चमचाभर दूध काढून यंत्रात घालतात आणि फॅट सांगतात. तीन पाच, तीन आठ. त्या आकड्यावर आमचा महिना चालतो. फॅट वाढली की आत्याबाईंचा दिवस चांगला जातो. डीडीटी शेतीतून जाऊन आता तीसहून जास्त वर्षं झाली आणि आजची औषधं पुष्कळशी लवकर विरणारी आहेत, हे मान्य. तरी ज्या आकड्याचे पैसे मिळतात त्याच आकड्यात बसून ते विष घरोघर गेलं होतं, ही गोष्ट मी काही केल्या विसरू शकत नाही. सकाळी चहाचं आधण ठेवताना आठवतेच.

परवा मग काय केलं ते सांगते. चारातले तीन वाफे त्याच दिवशी कापले. बी गेलं, जाऊ दे. मुठी झटकून भारे बांधले. झटकताना अळ्या टपटप पडत होत्या आणि भारा उचलायच्या आत गायबगळे आले. त्यांना कोण निरोप देतं कळत नाही. विळ्याचा आवाज ओळखतात बहुतेक. पाच-सहा बगळे माझ्या मागं हातभर अंतरावर, मी एक पाऊल सरकले की तेही एक पाऊल. तारेवर कोतवाल येऊन बसला. त्या एका तासात त्यांनी जे उरकलं ते पंपानं झालं नसतं. कापलेल्या वाफ्यांना लगेच पाणी दिलं, ते महिन्यात परत फुटतील. ऊन कितपत साथ देतंय त्यावर.

चौथा वाफा ठेवला. हट्टानंच म्हणा. त्यावर माश्या होत्या, आणि फवारलं असतं तर अळीआधी त्या गेल्या असत्या. माश्या गेल्या की बी कुठलं भरायला? म्हणून शाळेतून आल्यावर मी आणि माझी लेक पत्र्याचा डबा घेऊन बसलो. फूल उकलायचं, अळी चिमटीत धरायची, डब्यात टाकायची. जाळी झालेली पानं अख्खीच्या अख्खी खुडायची, घोळक्यासकट. पोरीनं पाच मोठ्या हिरव्या अळ्या बरणीत वेगळ्या ठेवल्या, थोडा पाला घातला, शाळेत दाखवायला. सकाळी बरणीत दोनच होत्या. झाकण घट्ट होतं. ती रडवेली होऊन माझ्याकडं आली. मी सांगितलं, या जातीची सवयच अशी, जागा कमी पडली की एकमेकींना खातात. "पाला होता की आत," ती म्हणाली. होता. त्याला तोंडही लावलं नव्हतं. यावर मला तिला समजेल असं उत्तर देता आलं नाही. आत्याबाईंनी उरलेल्या दोन कोंबड्यांपुढं टाकल्या आणि प्रश्न मिटवला.

तिसऱ्या दिवशी एक निराळंच दिसलं. वाफ्याच्या मधोमध तीन-चार शेंड्यांवर अळ्या उलट्या लोंबत होत्या, मागच्या पायांनी धरून, डोकं खाली, काळपट पडलेल्या. एकीला काडी लावली तर पिशवी फुटावी तसं पाणी झालं. हा अळ्यांना होणारा विषाणूचा रोग. आजारी अळी मरण्याआधी झाडाच्या शेंड्याकडं चढते, तिथं मरते, फुटते, आणि खालच्या पानांवर रोग सांडतो. माणसाला, गुराला, माशीला त्यानं काही होत नाही. हाच विषाणू कृषी विद्यापीठं आणि खासगी प्रयोगशाळा बाटलीत भरून देतात, एचएनपीव्ही म्हणून. आम्ही आणला नव्हता. आपला आपण आला होता, तात्यांच्या हरभऱ्यातून आला असेल. त्या मेलेल्या अळ्या मी पाण्यात चुरगाळून, गाळून, झारीनं संध्याकाळी त्या वाफ्यावर शिंपडल्या. संध्याकाळी अशासाठी की उन्हात तो विषाणू टिकत नाही. भाऊजी बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "वहिनी, आता अळ्यांचं सूप करून घालताय का?" घातलं.

सगळं आटोक्यात आलं असं म्हणत नाही. चौथ्या वाफ्यातली निम्मी फुलं पोकळ आहेत. हातात चोळली की भुसा निघतो, अधूनमधून एखादा पिवळा दाणा, मोहरीहून थोडा मोठा. दोनेक वाफ्यांपुरतं बी निघालं तरी पुष्कळ. तात्या परवा बांधावरून विचारून गेले, "काय मॅडम, पंजाब झालं का?" मी दाणे दाखवले. त्यांनी तळहातावर घेऊन फुंकर मारली. तीन उरले.

एक गोष्ट मात्र आठ वर्षांपूर्वीपासून आमच्या रानात पक्की आहे, आणि ती लिहावी म्हणूनच आज सकाळी घास कापून झाल्यावर बसले. पंप मारणारा हात आणि विळा धरणारा हात बहुतेक घरांत वेगवेगळा असतो. एक संध्याकाळी असतो, दुसरा पहाटे. तो बहुधा पुरुषाचा, हा बाईचा. दोघांत बोलणं होईलच असं नाही. म्हणून आमच्याकडं घासावर किंवा घासाच्या वाऱ्याखाली काहीही मारलं तर भाऊजी त्या वाफ्याच्या तोंडाशी काठी रोवतात आणि तिला लाल चिंधी बांधतात. डब्यावरची मुदत संपेस्तोवर ती काठी कुणी उपटत नाही. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं तारीख लिहितात, अक्षर मोठं, कारण आत्याबाईंना आता बारीक दिसत नाही. तुमच्या घरी घास असेल तर एवढं करा. जुन्या लुगड्याची चिंधी चालते.